पुकारा

अकरा दिवस नळी घशात राहिली.
तिनं जीव राखला, ह्यात वाद नाही.
जागा सोडताना मात्र
डाव्या स्वरतंतूची हालचाल सोबत घेऊन गेली.

बत्तीस वर्षं मी धोबीतलावच्या लघुवाद कोर्टात
दारात उभं राहून नावं पुकारली,
घरमालक विरुद्ध भाडेकरू,
तीन तीन वेळा, पार जिन्यापर्यंत.
त्यांतले काही कधीच वारलेले.
वारसांची नोंद होईपर्यंत त्यांनाही बोलवावं लागे.

आता तोंडातून नुसता वारा,
वॉशर गेलेल्या पंपासारखा.
गॅसवाला दारातून परत गेला
मी आतून "आलो, आलो" म्हणत असताना.
मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, रेंज नाहीये, खिडकीत या.
मी खिडकीतच होतो.
चहाचा घोट भलत्या वाटेनं जायचा.
हेमलताला बोलवायला टाळी वाजवली, तर म्हणाली,
"मी काय हॉटेलातला पोऱ्या?"
मग दोन दिवस तीही बोलली नाही.

मर्चंट डॉक्टरबाईंनी केसपेपरच्या मागे काढून दाखवलं:
दोन पडदे. एक मध्ये येतो, एक येत नाही.
मी खाली लिहिलं, "गैरहजर."
त्या हसल्या नाहीत. कोर्टाची पायरी चढल्या नसाव्यात.
म्हणाल्या, बाहेरून कूर्चेला खिडकी पाडू,
सिलिकॉनची पाचर सारू,
न येणाऱ्याला ढकलून मध्यावर आणून ठेवू.
तो हलणार नाही कधी.
दुसरा येऊन त्याला टेकेल, एवढंच.

भूल गळ्यापुरतीच.
तोंडावर हिरवं कापड, खाली परळच्या पुलावरचे हॉर्न,
आणि कूर्चा कोरल्याची करकर
कानांनी नव्हे, दाढांनी ऐकलेली.
"बोला आता काहीतरी."
एक ते दहा म्हटलं. वारा.
पाचर काढली, तासली, पुन्हा बसवली.
"आकडे नकोत. रोज बोलता ते बोला, मोठ्यानं."

रोजचं म्हणजे,
दावा क्रमांक चारशे बारा,
प्रतिवादी यशोदा बाबाजी पेडामकर, हाजिर?
खरखर.
बाईंनी केसभर सरकवलं काहीतरी.
यशोदा बाबाजी पेडामकर!
ह्या वेळी शब्दाला बूड होतं.
तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा
समोरच्या टाइल्सवर आपटून माझ्याकडे परत आलं,
जाडसर, अनोळखी, पण आलं.

दारापाशी कुणी सिस्टर वैतागून म्हणाली,
"पेडामकर आज आपल्या लिस्टवर नाहीयेत हो."

मला सांगायचं होतं,
त्या अठ्ठ्याण्णव साली गेल्या, बाई.
पण डॉक्टर म्हणाल्या, हलू नका,
टाके घालतेय.