डझनाचा भाव

कुकुतातल्या आमच्या कारखान्यात
बुटाचं वरचं चामडं शिवायला
डझनामागे बारा हजार पेसो मिळायचे.
मग पूल ओलांडून युसमेरी आली,
कडेवर पोर, पिशवीत स्वतःची कात्री,
म्हणाली, सात चालतील.

मालक आबेलार्दोने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.
बोलला काहीच नाही.
शनिवारी पाकिटात
सातच्या हिशोबाने नोटा.

आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही.
तिचा दोरा संपला तरी माझं रीळ सरकवलं नाही.
जेवताना फ्लोराल्बा म्हणाली,
ह्या आल्या आणि आपल्या ताटातलं गेलं.
तिनंच मागची पत्र्याची खोली युसमेरीला दिलीय,
तीन महिन्यांचं भाडं आगाऊ घेऊन.

परवा वीज गेली. मशिनं थांबली.
अंधारात युसमेरीने विचारलं,
मावशी, तुम्ही कधी होता का आमच्याकडे?

होते. एकोणिसाव्या वर्षी, सान क्रिस्तोबालला.
तेव्हा पैसा तिकडे होता,
पूल उलटा वाहायचा.
मालकिणीने विचारलं, किती घेशील?
शेजारच्या मशिनवर ओमाइरा होती, गावातलीच,
तिने मान वर न करता
दातांनी दोरा तोडला.
मी किती सांगितले होते
ते पैशापर्यंत आठवतं.

नाही गं, मी म्हणाले, कधीच नाही.

वीज आली.
तिचं रीळ संपत आलेलं.
माझं अर्धं शिल्लक.
मी शिवत राहिले,
टाका दोनदा चुकला.