डावीकडे

आमची जॉयस्टिक डावीकडे वळत नसे.
म्हणजे दांडा वळे, विमान नाही.
आतली पितळी पट्टी मोडलेली,
आणि अख्ख्या वुच शहरात तसली दुसरी पट्टी नव्हती.
वुच म्हणजे होडी.
नदी कुठे दिसत नाही, नाव मात्र होडी.

आधी कॅसेट. सात मिनिटं ती किंचाळायची,
तोवर घरात कुणी पाऊल वाजवायचं नाही.
वरच्या मजल्यावर ओतिलियाबाईंनी खुर्ची सरकवली
की गेलं. पुन्हा पहिल्यापासून.

मग हिरव्या दोन रेघा : धावपट्टी.
एक आडवी रेघ : जग.
काळा दांडा, माथ्यावर लाल बटण,
बुडाला रबरी वाट्या,
मेणकापडाला त्या कधीच चिकटल्या नाहीत,
म्हणून धरून बसायचं काम माझं.
उडवायचा लेशेक.

मागे ओढलं की वर जातं? आई विचारायची,
नुकती गिरणीतून आलेली, केसांत सुताचे तंतू.
आणि पुढे ढकललं की खाली?
विमानाचं तसंच असतं, लेशेक म्हणायचा.
मग विमानाला कुणीतरी सांगा, म्हणायची
आणि बटाटे सोलायला बसायची.

डावीकडे जायचं असलं
की लेशेक उजवीकडे वळायचा,
वळतच राहायचा,
पाऊण गिरकी,
आडवं जग भिंतीसारखं उभं,
इंधनाचा काटा खाली खाली,
आणि शेवटी नाक यायचं हव्या त्या दिशेला.
इतकं सफाईनं, की मला वाटे
सगळीच विमानं अशी जात असतील डावीकडे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तो बल्गेरियाला गेला.
समुद्रकिनारा, चौदा दिवस, कारखान्याची सहल.
बाबांनी त्याला उकडलेली अंडी बांधून दिली.
पंधराव्या दिवशी बस आली,
त्याची पिशवी आली,
तो नव्हता.

कार्ड आलं ऑक्टोबरात, ऑस्ट्रियाचं तिकीट.
चारच ओळी, त्यातली एक माझी :
वाट्यांना थुंकी लावून बघ.

बाबांनी माझा शाळेचा नकाशा टेबलावर पसरला.
त्यांचं बोट वुचवरून निघालं,
उजवीकडे, खाली, काळ्या समुद्रापाशी थबकलं,
मग युगोस्लाव्हियातून हळूहळू वर.
काही न बोलता त्यांनी नकाशाची घडी घातली,
चुकीच्या चुणीवर.

त्या हिवाळ्यात गिरणीतल्या एका भंगार रिलेची पट्टी
त्यांनी कापली, कानशीनं घासली, आत बसवली.
चार रात्री.

पाचव्या रात्री आम्ही दोघंच.
मी थुंकी लावली. वाट्या चिकटल्या.
बाबांनी पहिल्यांदाच दांडा हातात घेतला,
दोन्ही हातांनी, काठोकाठ भरलेला पेला धरावा तसा,
आणि डावीकडे झुकवला.

विमान वळलं. लगेच. एवढंसं.

इतकं जवळ होतं? बाबा म्हणाले.

वर ओतिलियाबाईंनी खुर्ची सरकवली.
आता सरकवली तरी चालणार होतं.