स्टोअरकीपर

बाबांच्या लेबर कार्डावर हुद्दा होता, स्टोअरकीपर.
सोहारच्या कॉलेजात तेव्हा कोचची जागाच मंजूर नव्हती.
म्हणून तेवीस वर्षं
ते कागदावर खुर्च्या मोजत राहिले
आणि अस्रची नमाज झाली की
मुरमाड मैदानावर फक्की मारायचे,
वाकून, एकटेच,
कोल्हापुरात तालमीच्या पोरांसाठी मारायचे तशी.

गवत नव्हतं. वारा दर्याकडून यायचा
वाळत घातलेल्या तारल्यांचा वास घेऊन.
पोरांचे गुडघे कायम सोललेले,
बाबांच्या खिशात कैलास जीवन.

अरबी त्यांना आली ती मैदानापुरती.
डावं, उजवं, पाणी, उद्या, शाबास.
राग मात्र मराठीतच यायचा.
"सोड की रं! किती वेळ कवटाळून बसतोस?"
माझिन, हैथम, बलुची वस्तीतला शंबे,
सगळे मान डोलवायचे
जणू नियमच वाचून दाखवलाय.

मी कठड्यावर बसून गृहपाठ करायचे.
एका वर्षी मस्कतवाल्यांशी फायनल,
रमजानात, रात्री साडेअकराला.
शंबेनं पेनल्टी आभाळात मारली.
बाबा काहीच बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले,
त्याच्या बापाबरोबर जाळं विणत बसले
पार दिवस कलेपर्यंत.
पेनल्टीचा विषय निघाला नाही.
जाळं काही त्यांना नीट जमलं नाही.

मग एकदाची खरी पोस्ट निघाली.
परवाना हवा, पदवी हवी, वय चाळिशीच्या आत.
ट्युनिशियाचा एक तरणा मुलगा आला, लॅपटॉप घेऊन.
बाबांनी त्याच्या हातात स्टोअरच्या किल्ल्या दिल्या
आणि कुठला बॉल हवा धरत नाही
तेही सांगितलं.

हिशेब झाला. ग्रॅच्युइटी स्टोअरकीपरच्या मूळ पगारावर.
मीच चिडले होते.
बाबांनी सही केली, पेन परत दिलं.
"बरोबर हाय की," म्हणाले,
"तेवीस वर्षांत एक बी बॉल हरवला न्हाई."

गेल्या हिवाळ्यात कंपनीच्या कामानं सोहारला गेले.
मैदानावर आता हिरवळ आहे, दिवे आहेत.
टचलाइनला पोट सुटलेला एक माणूस
दिशदाशा गुडघ्यापर्यंत उचलून धावत होता
आणि कुणा पोरावर ओरडत होता,
"सोडकीरं! सोडकीरं!"

शंबे. त्यानं मला ओळखलं नाही.
मी विचारलं, म्हणजे काय?
फुटबॉलमधला शब्द आहे, म्हणाला,
जुना.