दोन काटे

उदगीरच्या मोंढ्यामागं हलग्यांची डाळमिल.
खाली काटा, वर ऑफिस,
मधे लोखंडी जिना, अठरा पायऱ्या.
मी मौलाली, मापाडी. एकवीस वर्षं
जिन्याखाली बसून कट्टे तोलतो,
त्यामुळं दोन्हीकडचं ऐकू येतं.

खाली शिवलीलाताई.
कट्ट्यात कोपरापर्यंत हात घालतात,
मूठ उन्हात उघडतात:
तुकडा किती, चुणी किती, ओल किती.
त्यांचं सारं भांडण कलबुर्गीवाल्याशी.
तो पालिश मारतो? आपण मारायची नाही.
तो पंधरा दिवस उधार देतो? आपण डाळ अशी द्यायची
की गिऱ्हाइकाला उधारीची आठवणच येऊ नये.
"हैदराबादच्या बाईनं कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात, मौलाली,
आन् आपलं नाव घ्यावं."
तूर एके तूर.
दुसरा पाढा त्यांना येत नाही,
आणि हा पाढा त्यांच्यासारखा
तालुक्यात कुणाला येत नाही.

वर विरूपाक्षअण्णा.
त्यांनी तुरीला हात लावलेला मी पाहिलेला नाही.
टेबलावर ना वजनं ना कट्टे.
मला आधी वाटायचं, माणूस रिकामा बसतो.
एकदा चहा घेऊन वर गेलो तेव्हा कळलं,
तेही तोलतच असतात.
एका पारड्यात अख्खी डाळमिल,
दुसऱ्यात करडीच्या तेलाचा घाणा,
मग घाणा उतरवून कोल्ड स्टोरेज,
मग पेट्रोलपंप, मग रस्त्याकडची साडेतीन एकर.
मी खाली माल तोलतो.
ते माल जिथून येतो ते दार तोलतात,
ठेवायचं का बुजवायचं.

घाणा ताईंनीच उभा केलेला.
निलंग्यापासून देगलूरपर्यंत
त्या तेलाला तोड नव्हती.
समोरचे दोन घाणे बंद पडले,
तेव्हा ताईंनी हमालांना पेढे वाटले.
त्याच आठवड्यात वरून निरोप आला:
घाणा काढायचा.

ताई तशाच निघाल्या, पायात चपला नाहीत,
हाताला तेल. अकराव्या पायरीवर थांबल्या.
"कामून? आपण पहिले आहोत!"
अण्णा दारात आले.
"कशात पहिले, लीला?
शिवारात करडी दिसायली का कुठं?
जिकडं बघावं तिकडं सोयाबीन.
कुस्ती मारलीस तू, खरंय.
पण आखाड्यात आता दुसरं कोणी उतरंना."
"तुम्ही खाली या. एकदा वास तर घ्या तेलाचा."
"तू वर ये. एकदा सगळ्या वह्या
शेजारी-शेजारी मांडून बघ."
कोणीच हललं नाही.
कट्टा माझ्या काट्यावर तसाच,
आकडा लुकलुकत राहिला.

कोण बरोबर, मला विचारू नका.
मापाड्यानं वजन सांगावं,
भाव दुसऱ्यानं करावा.

मार्गशीर्षात घाणा सुटा होऊन आला,
माझ्याच काट्यावर.
मोटर, गिअर, पट्ट्या, पितळी बुश.
ज्याच्या तेलाचे डबे मी मोजले,
तोच तुकड्यातुकड्यानं मोजायचा.
अकरा क्विंटल चाळीस.
अण्णा खाली उतरले होते,
भंगारवाल्यासाठी नाही, असं मला वाटतं.
पट्टीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं,
खिशातल्या रुमालाला पुसलं नाही.
भंगारवाला म्हणाला, "वंगणाचे चार किलो वजा करा."
मी दोघांकडं बघितलं.
दोघं एकदम म्हणाले, "नको."
शेवटी दोन किलोवर मिटलं.

आता शनिवारी ताई वर जातात,
काखेत तुरीची वही.
तासाभरानं उतरतात.
परत कोपरापर्यंत हात, परत उन्हात मूठ,
कलबुर्गीवाल्याला परत तीच शिवी.
पण मधेच कधी, भरलेल्या थप्पीकडं
त्या अशा बघतात,
जसं चांगल्या पाहुण्याकडं बघावं,
ज्याची एसटी कितीला आहे
हे अजून कुणी विचारलेलं नाही.

पन्नास किलो सहाशे, मी ओरडतो.
लिहा.