पाय लागला

रात्री तीनच्या सुमारास
अच्युतचा डावा पाय आपणहून उचलला जातो,
गुडघ्यात वाकतो, थरथरतो,
आणि सुटतो तो थेट माझ्या पोटरीवर.
मांडीत गोळा आलेला असतो, नारळाएवढा.
तरी दात आवळून आधी तो हात पुढे करतो,
अंधारात माझा खांदा चाचपतो,
बोटं टेकवून कपाळाला लावतो.
पाय लागला.
रात्रीतून सात वेळा लागला, तर सात वेळा.
मी म्हणते, अरे, हे मज्जारज्जूचं काम, तुझं नाही.
तो म्हणतो, पाय तर माझाच ना.

ग्रिम्सबीच्या गोदीवर तीस वर्षं
शीतगृहाची यंत्रं सांभाळली त्यानं.
कॉड, हॅडॉक, फळ्यांसारखे कडक.
उणे पंचवीस, एक अंश इकडे नाही की तिकडे नाही.
आता हेझल येते दर मंगळवारी,
त्याचा गुडघा वाकवते, सोडते, पुन्हा वाकवते,
कुठे अडतो ते बघते
आणि कागदावर लिहिते: तीन.
कितीपैकी?
चारपैकी.
म्हणजे पास, तो म्हणतो.

सासूबाई त्याच्याबद्दल म्हणायच्या,
सुंभ जळेल, पण याचा पीळ जायचा नाही.
पूल ओलांडून हलला गेलो,
तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं:
वरून येणारे निरोप वाटेतच जळून गेलेत,
स्नायूंचा पीळ तेवढा राहिलाय.

मग बॅक्लोफेन.
पांढरी गोळी, साबुदाण्याला कुणी अंगठ्यानं चपटं केल्यासारखी.
आधी पाच, मग दहा, तीनदा, जेवणाबरोबर.
मनानं बंद करायची नाही एकदम,
औषधवाल्यानं काचेतून बोट हलवलं,
भलतंसलतं दिसायला लागेल.
मग वीस.

आणि पाय निजले.
मीसुद्धा निजले, सीगल ओरडेपर्यंत,
कितीतरी वर्षांनी.
तो मात्र दुपारीही निजायचा,
आमटीभाताचा घास तोंडात तसाच,
शब्द जिभेवरून घरंगळत.
गुरुवारी न्हाणीघरात दांडा धरून उठला
आणि पाय दोरीवरून ओलं धोतर निसटावं
तसे गेले खाली.
लिनोलियमवर बसून हसत होता.
आईनं नाव काय ठेवलं बघ, म्हणाला. न पडणारा!
ॲम्ब्युलन्सच्या दोघांनी उचललं.
त्यांतल्या एकानं माझ्याकडे चहा मागितला,
ते मला बरं वाटलं.

हेझल म्हणाली, चूक आमची.
सगळा कडकपणा काढायचा नसतो.
त्याच्या पायांत जोर नाहीच आता,
त्या कडकपणावरच तो उभा राहतो.
थोडा ठेवू.

आपल्याकडे याला एकच शब्द आहे,
तिला सांगत बसले नाही.
ज्याच्याशी चाळीस वर्षं भांडले,
ज्याच्यापायी दोन नोकऱ्या गेल्या, एक भाऊ तुटला,
तो ताठा
आता डॉक्टरच्या सहीनं
रोज थोडा शिल्लक ठेवायचा.

दर आठवड्याला पाच-पाचनं उतरवत आणलं.
डबीच्या कप्प्यांत मीच भरते, सोम, मंगळ, बुध,
अर्धी गोळी करायला भाजीची सुरी चालत नाही,
भुगा होतो.

हेझलला एक सांगितलं नाही.
त्या शांत रात्रींत मला मधूनच जाग यायची.
दुखत काही नसायचं.
तो घोरत असायचा, पाय जागच्या जागी,
आणि खांद्याला कुणाचा हात नाही.

काल हंबरवरून वारा सुटला होता, खिडकी वाजत होती.
तीनला पाय आला,
पहिल्यासारखा नाही, पण आला.
मी डोळे मिटून पडून राहिले.
त्याचा हात आधी उशीवर गेला,
मग गोधडीवर.

मी सरकले नाही.
शोधू दे.