कब्जा

ओलेसुंद बंदर. रात्रीचे दोन,
जूनचा उजेड मावळायचं नाव घेत नाही.
सुक्या कॉडच्या गोदामावर, तिसऱ्या मजल्यावर
तूरुन एकटी, सर्व्हरसमोर.
डब्यात चीज लावलेला पाव, अर्धा.

पुसल्या तिने
सत्त्याण्णव सालापासूनच्या पावत्या,
बुडीत गिऱ्हाइकांची पत्रं,
लिस्बनहून परत आलेल्या मालाचे फोटो,
आणि एक अगडबंब फाइल, कुणीच न उघडलेली.
यादीत आता काही नाही.
तरी डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरलेली.

ती पुन्हा विचारते.
अठ्ठ्याण्णव.

कागदावरून नाव उडालं,
कब्जा काही सुटलेला नाही.

एकेक प्रोग्रॅम चाचपत जाते,
तेव्हा सापडतो तो:
पहाटे वजनाच्या चिठ्ठ्या छापायचा.
प्रिंटर भंगारात गेला त्याला नऊ वर्षं झाली;
हा अजून लिहितोय, सेकंदाला दहादा,
त्याच पुसलेल्या फाइलीत:
प्रिंटर सापडत नाही
प्रिंटर सापडत नाही

मालकाच्या रकान्यात नाव: ओडवार.
बोटं कापलेले हातमोजे घालून टाइप करायचा.
त्याच्याच खुर्चीत बसलीये ती.
त्याच्या अंत्यविधीला जायचं राहिलं,
त्या दिवशी नेमका सर्व्हर झोपला होता.

थांबवायला लागतात आठ-दहा अक्षरं.
आधी ती पाव संपवते.
खिडकी लावते, सीगल फार कालवा करतायत.

मग एंटर.

एकसष्ट.

खाली सिगब्योर्न क्रेनची किल्ली शोधत
स्वतःशीच शिव्या घालतोय.
ती ऐकत राहते,
त्याला ती सापडेपर्यंत.