मागणी

फोर्ट वेनबाहेर, हायवेला लागून आमचं शोरूम.
पुढच्या रांगेत ट्रक, छाती पुढे काढून;
मागे कुंपणापाशी ती छोटी हायब्रिड,
बॉनेटवर चार बोटं बर्फ,
नोव्हेंबरपासून कुणी मागणी घातलेली नाही.

दर शुक्रवारी मी कंपनीला आकडे कळवते:
ट्रक नऊ. छोट्या शून्य.
तिथे त्यावरून पुढचं वर्ष ठरतं.
‘लोकांना हेच हवंय,’ वेंडेल म्हणतो,
आणि पुढच्या रांगेपलीकडे
कुणाला नेत नाही.

आज ओडेसा प्रूइट आल्या,
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या.
ट्रकांना वळसा घालून सरळ मागे गेल्या,
कोटाच्या बाहीनं काच पुसली.
‘गॅलनला किती जाते ही?’
वेंडेल किल्ली शोधत राहिला. बॅटरी उतरलेली.
शेवटी ट्रकचीच वायर जोडून
तिला जागं केलं.

ती गेली तिथे बर्फात
डांबराचा काळा चौकोन उरला.

शून्याच्या जागी मी एक लिहिला.
एवढासा आकडा, पण रकाना भरल्यासारखा वाटला.

मग पर्स उचलली, बाहेर आले.
माझी सात सीटांची गाडी उभी होती.
घरात आम्ही दोघं.